विद्युत विलेपनाची पूर्वतयारी

विद्युत विलेपनाची पूर्वतयारी म्हणजे धातूच्या वस्तूवर विजेच्या साहाय्याने दुसऱ्या धातूचा थर चढवण्यापूर्वी त्या वस्तूचा पृष्ठभाग घासणे, त्यावरील तेल-ग्रीज काढणे, गंज व ऑक्साइड विरघळवणे आणि अखेरीस सौम्य आम्लाने तो सक्रिय करणे, ही क्रमाने केली जाणारी कामे होत. विद्युत विलेपनास व्यवहारात 'मुलामा चढवणे' आणि कारखान्यांत 'प्लेटिंग' म्हणतात. मुलाम्याचे फोड येणे, पोपडे सुटणे, डाग पडणे किंवा मुलामा दिलेला भाग नंतर अचानक तुटणे या दोषांचे मूळ बहुतेक वेळा विलेपनाच्या टाकीत नसून त्याआधीच्या टाक्यांत सापडते.

पूर्वतयारीची गरज

विद्युत विलेपनात वस्तू ऋणाग्राला जोडून धातूच्या क्षारांच्या द्रावणात बुडवलेली असते. प्रवाह सुरू झाला की द्रावणातील धातूचे आयन वस्तूच्या पृष्ठभागावर येऊन अणूंच्या रूपात स्थिरावतात. मूळ धातूचे अणू उघडे असतील, तर नवे अणू त्यांच्याशी थेट धात्विक बंधाने जोडले जातात आणि पुष्कळदा मूळ स्फटिकाचीच रचना पुढे चालू ठेवतात. हे आकर्षण नॅनोमीटरच्या काही दशांशांपलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा, मोजक्या रेणूंच्या जाडीचा तेलाचा किंवा ऑक्साइडचा पडदा मध्ये राहिला तरी बंध जुळत नाही. थर चढतो, चमकतोही. पण तो वस्तूला धरून नसतो, नुसता तिच्यावर बसलेला असतो.

मुलाम्याचा थर फार पातळ असतो हेही लक्षात ठेवावे. पोलादावरील जस्ताचा थर सामान्यतः ५ ते २५ मायक्रोमीटर जाडीचा असतो, तर शोभेच्या क्रोमियमचा थर अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी असतो. (आपण ज्याला क्रोमचा थर म्हणतो त्यात जवळजवळ सारी जाडी खालच्या निकेलची असते.) इतका पातळ थर खालचा ओरखडा बुजवू शकत नाही. उलट चकचकीतपणामुळे तो ओरखडा अधिकच उठून दिसतो. काही निकेल द्रावणांमध्ये बारीक चरे भरून काढण्याचा गुण असतो. परंतु त्याच्या भरवशावर घासकाम टाळणे महागात पडते.

इतिहास

व्होल्टाच्या विद्युतघटाचा शोध लागल्यावर इटलीतील लुईजी ब्रुन्यातेल्ली याने १८०५ मध्ये चांदीच्या पदकांवर सोन्याचा मुलामा चढवला. या विद्येचा व्यापारी उपयोग १८४० मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे एल्किंग्टन चुलत बंधूंनी घेतलेल्या एकस्वानंतर सुरू झाला. त्या काळात पितळी वस्तूवर चांदी नीट बसावी म्हणून ती आधी पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवत. वस्तूवर पाऱ्याचा सूक्ष्म थर येई व त्यावर चांदी घट्ट धरे. हा उपाय परिणामकारक होता, तितकाच कारागिरांच्या आरोग्यास घातक होता.

वस्तू आधी स्वच्छ करण्याचे तत्त्व मात्र विजेहून पुष्कळ जुने आहे. महाराष्ट्रातील कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे घासून तापवतो, त्यावर नवसागराची पूड टाकतो आणि मगच कथील फिरवतो. तापलेल्या नवसागरातून अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड सुटतात आणि ते ऑक्साइड नाहीसे करतात. त्यावाचून कथील भांड्यावर पसरतच नाही. घरातील पितळी भांडी राखेने व चिंचेने घासण्याची रीतही अशीच बोलकी आहे. राखेतील अल्क तेलकटपणा काढतो आणि चिंचेतील आम्ल काळपटपणा विरघळवते. कारखान्यातील टाक्यांचा क्रमही आधी अल्क आणि मग आम्ल असाच असतो.

यांत्रिक तयारी

ओतकामातील किंवा यंत्रकामातील भागांवर कडा, बारीक कंगोरे, वितळजोडाचे थेंब आणि वाळूचे कण राहिलेले असतात. ते कानस, ग्राइंडर किंवा एमरीच्या पट्ट्याने काढतात. त्यानंतर क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या एमरीने पॉलिश आणि शेवटी कापडी चाकावर लेप लावून बफिंग केले जाते. जाड गंजासाठी वाळू, काचेचे मणी किंवा पोलादी गोळ्यांचा मारा करतात. बारीक भाग दगडी खड्यांबरोबर फिरत्या पिंपात घोळवतात.

बफिंगचा लेप मेणचट असतो आणि घर्षणाच्या उष्णतेने तो पृष्ठभागाच्या चऱ्यांत दाबला जातो. असा माल काही दिवस तसाच पडून राहिला, तर लेप कडक होऊन पुढे निघता निघत नाही. म्हणून बफिंग व धुलाई यांत अंतर ठेवू नये, असा कारखान्यांतील दंडक आहे.

जेथे मुलामा नको असेल तो भाग लाख, मेण किंवा टेप लावून झाकतात. आट्यांच्या बाबतीत मापाचा हिशेब आधीच करावा लागतो. ६० अंशांच्या आट्यावर थर चढला की त्याचा सरासरी व्यास थराच्या जाडीच्या सुमारे चौपट वाढतो. १० मायक्रोमीटरच्या थराने तो ४० मायक्रोमीटरने वाढेल आणि नट बसणार नाही.

तेल व ग्रीज काढणे

तेलकट पृष्ठभागाला आम्ल ओले करू शकत नाही. म्हणून गंज काढण्याआधी तेल काढणे हा क्रम बदलत नाही. तेलांचे दोन प्रकार असतात. वनस्पतिज व प्राणिज तेले कॉस्टिक सोड्याबरोबर साबण बनून विरघळतात. यंत्रांची खनिज तेले साबण बनत नाहीत. त्यांचे पृष्ठक्रियाकारक पदार्थांच्या मदतीने बारीक थेंब करून ती पाण्यात तरंगत ठेवावी लागतात. म्हणून धुलाईच्या द्रावणात कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, ट्रायसोडियम फॉस्फेट, सोडियम मेटासिलिकेट आणि पृष्ठक्रियाकारक असे मिश्रण असते. पोलादी भाग त्यात ६० ते ९० अंश सेल्सिअस तापमानास काही मिनिटे बुडवून ठेवतात. वर साचलेला तेलाचा तवंग वेळच्या वेळी काढला नाही, तर टाकीतून बाहेर काढतानाच वस्तू पुन्हा तेलकट होते.

पूर्वी जड ग्रीजसाठी क्लोरीनयुक्त विद्रावकांच्या वाफेचा वापर सर्रास होत असे. ट्रायक्लोरोइथिलीन ८७ अंश सेल्सिअसला उकळते. त्याच्या वाफेत थंड वस्तू धरली की वाफेचे थेंब बनून ते तेलासह खाली ओघळतात. वाफेतून येणारा द्रव नेहमी शुद्ध असल्याने स्वच्छता उत्तम होते. मात्र हा पदार्थ माणसात कर्करोग घडवणारा आहे. त्याला पर्याय म्हणून आलेले १,१,१-ट्रायक्लोरोइथेन ओझोन थराला मारक ठरल्यामुळे माँट्रियल करारान्वये हद्दपार झाले. त्यामुळे पाण्यावर आधारलेल्या अल्कयुक्त धुलाईकडे उद्योग पुन्हा वळला.

शेवटची स्वच्छता विजेच्या साहाय्याने केली जाते. वस्तू अल्कयुक्त द्रावणात ठेवून प्रवाह सोडला की तिच्या पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे उठतात व उरलासुरला मळ उखडून काढतात. वस्तू ऋणाग्रावर असेल तर हायड्रोजन सुटतो. त्याचे आकारमान धनाग्रावर सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या दुप्पट असल्याने घुसळणही अधिक होते. पण ऋणाग्रावर दोन तोटे आहेत. द्रावणात मिसळलेले इतर धातूंचे आयन वस्तूवर काजळीसारखे बसतात आणि हायड्रोजन पोलादात शिरतो. म्हणून पोलाद बहुधा धनाग्रावर स्वच्छ करतात, अथवा आधी ऋणाग्रावर ठेवून अखेर धनाग्रावर करतात. पितळ धनाग्रावर फार वेळ ठेवल्यास काळवंडते, तर निकेल व स्टेनलेस पोलाद तेथे निष्क्रिय होतात. अशा धातूंसाठी ऋणाग्रच योग्य. साधारणतः ६ ते १२ व्होल्ट दाब व दर चौरस डेसिमीटरला ५ ते १० अँपिअर प्रवाह वापरला जातो.

स्वच्छतेची परीक्षा

धुतलेली वस्तू स्वच्छ पाण्यातून उभी बाहेर काढावी. पाण्याचा पडदा अखंड, एकसारखा खाली उतरला तर पृष्ठभाग तेलमुक्त आहे. पडदा फाटून थेंब किंवा बेटे तयार झाली, तर त्या जागी तेल आहे असे समजावे. या साध्या परीक्षेस कोणतेही उपकरण लागत नाही. तिच्यात एक फसवी जागा आहे. पृष्ठभागावर साबणाचा अंश शिल्लक असेल, तर तेल असूनही पाणी अखंड पसरते. म्हणून वस्तू आधी सौम्य आम्लात बुडवून, पुन्हा धुऊन मग पाहावी. परीक्षेत उतरलेल्या वस्तूला उघडा हात लावू नये, कारण बोटांच्या ठशातील तेल व घाम पुढे मुलाम्यात स्पष्ट उमटतात. वस्तू टाक्यांच्या मध्ये वाळूही देऊ नये.

आम्लप्रक्रिया

तप्त लाटणीतून आलेल्या पोलादावर निळसर काळा पापुद्रा असतो. त्यात वर लोहाचे अधिक ऑक्सिजनयुक्त ऑक्साइड व खाली, धातूलगत, कमी ऑक्सिजनचे ऑक्साइड असे थर असतात. आम्ल या पापुद्र्याच्या भेगांतून खाली शिरते, खालचा थर व थोडा धातू विरघळवते आणि तेथे निर्माण होणारा हायड्रोजन वरचा पापुद्रा उचलून फेकतो. म्हणजे पापुद्रा पूर्ण विरघळावा लागत नाही, तो सुटून पडतो.

हायड्रोक्लोरिक आम्ल थंड अवस्थेतही झपाट्याने काम करते. बाजारात मिळणारे साधारण ३० ते ३३ टक्क्यांचे आम्ल बहुधा तेवढ्याच पाण्यात मिसळून वापरतात. त्याच्या वाफांनी आसपासची यंत्रे गंजतात, म्हणून ही टाकी यंत्रशाळेपासून दूर असावी. सल्फ्यूरिक आम्ल स्वस्त व कमी वाफांचे असते, पण ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावे लागते. गंज निघाल्यावरही वस्तू आम्लात राहिली तर चांगला धातू खाल्ला जातो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पोलादातील कार्बन काळ्या काजळीच्या रूपाने उघडा पडतो. हे टाळण्यासाठी आम्लात रोधक मिसळतात. तो धातूचे विरघळणे मंदावतो, गंजाचे मात्र फारसे नाही.

विलेपनाच्या अगदी आधीची आम्लात बुडी सौम्य व काही सेकंदांचीच असते. तिचा उद्देश अल्काचा उरलेला अंश मारणे आणि हवेत नुकताच आलेला ऑक्साइड काढणे एवढाच आहे.

हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा

आम्लाच्या क्रियेने पोलादाला काय होते याची नोंद डब्ल्यू. एच. जॉन्सन याने १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली. आम्लात बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते, मोडलेल्या जागेवर ओलावा लागताच बुडबुडे येतात आणि काही काळ ठेवल्यावर ती पूर्ववत होते, असे त्याला दिसले. त्याने दोष हायड्रोजनचा ठरवला, आणि तो बरोबर होता.

आम्लाच्या टाकीत, ऋणाग्रावरील स्वच्छतेत आणि खुद्द विलेपनातही हायड्रोजनचे अणू तयार होतात. त्यांतील बरेचसे जोडीने वायू बनून निघून जातात, पण काही एकेकटे पोलादात शिरतात. साध्या मऊ पोलादाला त्याने फारसे बिघडत नाही. कठीण केलेल्या पोलादात, म्हणजे सुमारे १००० मेगापास्कलहून अधिक ताणसामर्थ्य असलेल्या बोल्ट, स्प्रिंग, सर्क्लिप, स्प्रिंग वॉशर यांसारख्या भागांत, हे अणू ताण असलेल्या जागी गोळा होतात आणि तेथे भेग पडते. धोका असा की बोल्ट कसताना काहीच होत नाही. तो तपासणीतून पार होतो, जोडला जातो आणि कित्येक तासांनी किंवा दिवसांनी, भार वाढलेला नसताना, टोपीजवळ काडीसारखा तुटतो. बाहेरून तो नवा, चकचकीत आणि निर्दोष दिसत असतो. वाहनाचा किंवा उचलयंत्राचा असा बोल्ट तुटला तर त्याची किंमत जीवाने मोजावी लागते.

उपाय दोन दिशांनी केले जातात. पहिला, हायड्रोजन शिरू न देणे: गंज आम्लाऐवजी वाळूच्या किंवा काचेच्या मण्यांच्या माऱ्याने काढणे, आम्लातील वेळ शक्य तितका कमी करणे, रोधक वापरणे, विद्युत स्वच्छता धनाग्रावर करणे. दुसरा, शिरलेला बाहेर काढणे: विलेपनानंतर, शक्यतो ४ तासांच्या आत, भाग भट्टीत १९० ते २२० अंश सेल्सिअस तापमानास ठेवणे. पोलाद जितके कठीण तितका वेळ अधिक. ८ तासांपासून २४ तासांपर्यंत तो असू शकतो. जस्त व कॅडमियम यांचे थर हायड्रोजनला सहज बाहेर पडू देत नाहीत, त्यामुळे येथे घाई उपयोगी नाही. जस्तावरील पिवळा किंवा निळसर क्रोमेटचा थर मात्र या उष्णतेत टिकत नाही, म्हणून तो भट्टीनंतरच द्यावा लागतो. क्रम उलटा झाला की एक तर रंग जातो, नाही तर रंग वाचवण्यासाठी भट्टीच गाळली जाते. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. एकदा पडलेली भेग भट्टीने सांधली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

निरनिराळ्या धातूंची तयारी

साधे पोलाद हा सर्वांत सोपा धातू. तरीही त्यावर सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणातून थेट तांबे चढवता येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर लालसर थर येतो, तो विस्थापनाने, वीज न देताच. हा थर बोटाने पुसला जातो. विद्यार्थी पुष्कळदा याच द्रावणात विजेने लोखंडी किल्लीवर तांब्याचा मुलामा देण्याचा प्रयोग करतात आणि तो टिकला नाही की निराश होतात. दोष त्यांच्या जोडणीत नसतो. वीज सुरू होण्यापूर्वीच किल्लीवर सैल तांबे बसलेले असते. कारखान्यात म्हणून पोलादावर आधी सायनाइडयुक्त द्रावणातून तांब्याचा किंवा निकेलचा पातळ थर देतात आणि नंतरच आम्लयुक्त तांब्याच्या टाकीत नेतात. अशा पातळ आरंभीच्या थराला 'स्ट्राइक' म्हणतात.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सच्छिद्र असते आणि त्यात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात. आम्ल छिद्रांत राहून मुलाम्यानंतर काही दिवसांनी डाग व फोड उमटवते. जास्त आम्ल दिल्यास ग्रॅफाइट उघडे पडून पुढचा थर धरत नाही. येथे आम्ल थोडे व धुणे भरपूर असावे.

पितळेला अतिशय सौम्य सल्फ्यूरिक आम्ल पुरते. यंत्रकामास सोपे जावे म्हणून शिसे मिसळलेल्या पितळेत मात्र शिशाचे सल्फेट न विरघळता पृष्ठभागावरच राहते, म्हणून तेथे फ्लुओबोरिक आम्ल वापरतात. जस्ताच्या डाय कास्टिंगमधील भागांची वरची त्वचा घट्ट आणि आतील भाग सच्छिद्र असतो. अति बफिंगने ती त्वचा गेली की आतल्या पोकळ्या उघड्या पडतात. जस्तावर आम्ल व अल्क दोन्ही हल्ला करत असल्याने सर्व टाक्या सौम्य ठेवाव्या लागतात.

ॲल्युमिनियम सर्वांत हट्टी. त्याचा ऑक्साइड घासून काढला तरी हवेत क्षणार्धात पुन्हा येतो. तोडगा असा काढला गेला की ऑक्साइड काढण्याचे काम आणि नव्या धातूचे आवरण घालण्याचे काम एकाच द्रावणात व्हावे. कॉस्टिक सोड्यात जस्ताचा ऑक्साइड विरघळवून केलेल्या झिंकेट द्रावणात ॲल्युमिनियम बुडवला की ऑक्साइड विरघळतो आणि उघड्या पडलेल्या धातूवर लगेच विस्थापनाने जस्ताचा पातळ थर बसतो. पहिला थर खडबडीत येतो, म्हणून तो नायट्रिक आम्लात काढून टाकून पुन्हा झिंकेटमध्ये बुडवतात. दुसरा थर बारीक व सलग येतो. त्यावर तांब्याचा स्ट्राइक देऊन पुढील विलेपन करता येते. सिलिकॉन अधिक असलेल्या ओतीव भागांना याआधी फ्लुओराइडयुक्त आम्ल लागते. विस्थापनाचा थर पोलादावर शत्रू व ॲल्युमिनियमवर मित्र ठरतो, ही या विषयातील मोठी गंमत आहे.

स्टेनलेस पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा निष्क्रिय थर असतो. त्यासाठी वुड्स निकेल स्ट्राइक वापरतात. दर लिटरला सुमारे २४० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि सुमारे १२० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल असे हे तीव्र द्रावण निष्क्रिय थर मोडते आणि त्याच वेळी निकेल चढवते.

मधले धुणे

प्रत्येक टाकीतून निघताना वस्तू आपल्याबरोबर थोडे द्रावण घेऊन येते. ते पुढच्या टाकीत गेले की तीही बिघडते. म्हणून दोन टाक्यांच्या मध्ये पाण्याची टाकी असते. पाण्याची बचत करायची असल्यास पाण्याचा प्रवाह वस्तूच्या उलट दिशेने नेतात, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत शिरते व तेथून मागच्या टाकीत वाहते. वस्तूबरोबर आलेले १ लिटर द्रावण हजार पट पातळ करायचे असेल, तर एकाच टाकीत सुमारे १००० लिटर पाणी लागेल. उलट प्रवाहाच्या दोन टाक्यांत तेच काम सुमारे ३२ लिटरमध्ये व तीन टाक्यांत सुमारे १० लिटरमध्ये होते. भोक पडलेले नाही अशा खोलगट किंवा पोकळ भागांत द्रावण अडकते, अथवा हवेचा बुडबुडा अडकून द्रावण पोहोचतच नाही. असे भाग टांगताना तोंड कोणत्या दिशेला आहे हे पाहावे. शक्य असेल तर निचऱ्याचे छिद्र रचनाकारानेच ठेवावे.

सुरक्षितता व सांडपाणी

आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण डोळ्यांना आम्लाहूनही अधिक घातक असते. पितळ उजळण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरताना निघणाऱ्या तपकिरी वाफा हुंगल्यावर लगेच फारसा त्रास होत नाही, पण काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते. त्यामुळे 'आत्ता बरे वाटते' या भरवशावर कामगाराला घरी पाठवू नये.

पूर्वतयारीच्या ओळीत आम्ल व सायनाइड ही दोन्ही जवळजवळ ठेवावी लागतात, आणि खरा धोका तेथेच आहे. सायनाइडयुक्त द्रावणात आम्ल मिसळताच हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून आम्लातून आलेली वस्तू नीट धुतल्यावाचून सायनाइडच्या टाकीत जाऊ नये. दोहोंची गटारे, साठवणीच्या जागा आणि बादल्यासुद्धा वेगळ्या असाव्यात.

वापरून संपलेले आम्ल, तेलाचा गाळ आणि धुण्याच्या पाण्यातील धातू यांची भारतात धोकादायक कचऱ्यात गणना होते. २०१६ च्या नियमांत धातूंच्या पृष्ठभाग-प्रक्रियांचा स्वतंत्र उल्लेख आहे. सायनाइडचे पाणी अल्कयुक्त ठेवून क्लोरीनने किंवा हायपोक्लोराइटने निकामी करावे लागते. आम्लयुक्त पाणी चुन्याने उदासीन करून त्यातील धातू हायड्रॉक्साइडच्या गाळाच्या रूपात वेगळे काढतात. हे दोन प्रवाह प्रक्रियेपूर्वी एकत्र येऊ देत नाहीत. उरलेला गाळ सुरक्षित भूभरणासाठी अधिकृत केंद्राकडे पाठवला जातो.